गाठोड्याची शेवटची गाठ

मनुष्याला संग्रहाची हौस उपजतच असते. कोणी नाणी जमवतो, कोणी टपालाची तिकिटे, तर कोणी वर्तमानपत्रांतील कात्रणे. माझ्या आजीने आपल्या वडिलांची पत्रे जमवली. आजीचे माहेर नांदेडचे. नांदेड आणि हैदराबाद ही दोन्ही गावे पूर्वी एकाच हैदराबाद राज्यात होती. परंतु १ नोव्हेंबर १९५६ रोजी भाषावार प्रांतरचना झाली, मराठवाडा मुंबई राज्यात गेला आणि हैदराबाद आंध्र प्रदेशाची राजधानी झाले. त्यानंतर काही वर्षांनी आजी लग्न होऊन येथे आली, तेव्हा तिच्या माहेरच्या आणि सासरच्या मध्ये राज्याची सीमा उभी होती. काचीगुड्याहून मनमाडकडे जाणारी आगगाडी मात्र ती सीमा रोज ओलांडत असे, आणि दर आठवड्यास पणजोबांचे एक पत्र आजीच्या हाती पडत असे.

ती सारी पत्रे आजीने एका लोखंडी संदुकीत ठेवली होती. ट्रंकेला आमच्या घरात आजही संदूकच म्हणतात. दसऱ्याच्या सुमारास ती संदूक उघडली जाई, पत्रांना ऊन दाखवले जाई आणि ती पुन्हा बंद होई. आम्हा मुलांना तिला हात लावण्याची मुळीच मुभा नव्हती.

ऑक्टोबर २०२० मध्ये हैदराबादेत जो भयंकर पाऊस झाला, तो माझ्या वाचकांपैकी पुष्कळांना आठवत असेल. मी तेव्हा पाचवीत होते. आमचे घर सरूरनगरच्या बाजूस तळमजल्यावर होते. १३ तारखेच्या रात्री पाणी उंबरठ्यावरून आत आले आणि पाहता पाहता गुडघ्यापर्यंत चढले. २८ सप्टेंबर १९०८ रोजी मुसी नदीला आलेल्या महापुराच्या गोष्टी आजीने सासरच्या वडीलधाऱ्या मंडळींकडून ऐकल्या होत्या. पण तसे काही आपल्याच घरात घडेल, असे तिच्या स्वप्नातही आले नव्हते.

पाणी ओसरल्यावर आजी प्रथम संदुकीपाशी गेली. पत्रे भिजून एकमेकांना चिकटली होती, शाई पसरू लागली होती. दादाने एकेक पान हलक्या हाताने सोडवून वर्तमानपत्रांवर वाळत घातले आणि अक्षर वाचता येत होते तोवरच मोबाईलवर त्यांची छायाचित्रे घेतली. पुढे त्या कागदांना बुरशी लागली आणि बहुतेक पाने हात लावताच तुटू लागली. कागद गेला, राहिली ती केवळ छायाचित्रे. पुढे तो मोबाईलही बिघडला. तोपर्यंत ती छायाचित्रे घरच्या संगणकावर उतरवून घेतलेली होती, एवढेच आमचे दैव.

गेल्या वर्षी, मी नववीत असताना, आमच्या सरांनी आम्हांस पायथन ही संगणकाची भाषा शिकवण्यास आरंभ केला. ही भाषा गिदो व्हान रॉसम यांनी १९९१ साली प्रथम प्रसिद्ध केली. एके दिवशी सर म्हणाले, "आज आपण लायब्ररी वापरू." माझ्या डोळ्यांसमोर कपाटे, पुस्तके आणि 'शांतता राखा' अशी पाटी उभी राहिली. सर हसून म्हणाले, "तसे नव्हे. भाकरी करताना आपण जात्यावर पीठ दळत बसतो का? गिरणीतून आणलेले पीठ घेतो. त्याचप्रमाणे दुसऱ्यांनी लिहून, तपासून ठेवलेल्या आज्ञा आपण आपल्या प्रोग्रॅममध्ये वापरतो. अशा आज्ञांच्या संचाला लायब्ररी म्हणतात." पायथनबरोबर अशा कित्येक लायब्रऱ्या तयार मिळतात. त्यांपैकी एकीचे नाव 'झिपफाईल'. पुष्कळ फाईली एका गाठोड्यात बांधणे आणि बांधलेले गाठोडे वाचणे, हे तिचे काम.

गंमत अशी की, या लायब्ररीने मी वाचलेले पहिले गाठोडे हे खरोखरीच्या ग्रंथालयातील एका पुस्तकाचे होते. आपल्या शहरातील उस्मानिया विद्यापीठाची स्थापना १९१८ सालची. तेथील ग्रंथालयातील अनेक जुनी मराठी पुस्तके 'डिजिटल लायब्ररी ऑफ इंडिया' या योजनेत पानापानाने चित्रित झाली. या कामात आपल्याच शहरातील आंतरराष्ट्रीय माहिती तंत्रज्ञान संस्थेचा वाटा मोठा होता. ती पुस्तके आता 'इंटरनेट अर्काइव्ह' येथूनही उतरवून घेता येतात आणि तेथे एका पुस्तकाच्या सर्व पानांची चित्रे एकाच झिप गाठोड्यात मिळतात. सरांनी असे एक पुस्तक आम्हांस दिले. 'नेमलिस्ट' ही आज्ञा देताच आतील पानांची नावे पडद्यावर आली. 'रीड' म्हणून एका पानाचे नाव सांगितले, तेव्हा बाकीचे पुस्तक न उलगडता नेमके तेवढेच पान बाहेर आले! त्या पानावर ग्रंथालयाची जुनी चिठ्ठी होती. खाली शेवटी नोंदलेल्या तारखेस किंवा तत्पूर्वी पुस्तक परत करावे, अशी तीवर सूचना होती. कोणा विद्यार्थ्याने ते पुस्तक त्या तारखेस परत केले, म्हणून तर ते आज माझ्यापर्यंत पोहोचले, असा विचार माझ्या मनात आला. आणि त्याच क्षणी आजीच्या पत्रांचेही असेच गाठोडे बांधण्याचे मी ठरवले.

गाठोडे बांधताना मजकूर दाबून लहान कसा होतो, हे समजून घेण्यास मला पणजोबांच्या पत्रांचाच उपयोग झाला. त्यांचे प्रत्येक पत्र 'चि. सौ.' या अक्षरांनी सुरू होई आणि नावापुढे 'अ. उ. आ.' असे असे. आजीने सांगितले, "अगं, म्हणजे अनेक उत्तम आशीर्वाद! वडील माणसांना लिहायचे तर सा. न. वि. वि., म्हणजे साष्टांग नमस्कार विनंती विशेष." जे वारंवार लिहावे लागते त्याला आखूड खूण, जे क्वचित येते ते सविस्तर, ही आपल्या पूर्वजांची युक्ती. हीच युक्ती गणिताच्या कसोटीस उतरवली डेव्हिड हफमन या विद्यार्थ्याने. १९५१ साली अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीत शिकत असताना प्राध्यापक रॉबर्ट फानो यांनी वर्गाला सांगितले होते की, परीक्षा द्या किंवा त्याऐवजी एका प्रश्नावर निबंध लिहा. सर्वांत आखूड खुणा कशा ठरवाव्यात, हा तो प्रश्न. हफमन कंटाळून परीक्षेच्या अभ्यासाला लागणार, एवढ्यात त्यास उत्तर सुचले. आणि ते उत्तर खुद्द गुरूंच्या रीतीहून सरस ठरले! १९५२ साली ते प्रसिद्ध झाले.

दुसरी युक्ती आपल्या भजनाच्या पुस्तकांत सापडते. ध्रुपद प्रथम पूर्ण छापतात आणि पुढील प्रत्येक कडव्याअखेरीस त्याचा पहिला शब्द देऊन 'ध्रु' एवढेच लिहितात. वाचणारा मागे जातो आणि ध्रुपद म्हणून पुढे येतो. याकोब झिव आणि अब्राहम लेंपेल या इस्रायली शास्त्रज्ञांनी १९७७ साली हीच कल्पना अक्षरांच्या कोणत्याही ओळीस लागू केली. पुन्हा आलेला मजकूर पुन्हा लिहावयाचा नाही. 'इतके मागे जा आणि इतकी अक्षरे घे' एवढीच खूण ठेवावयाची. या दोन्ही युक्त्या एकत्र करून फिल काट्झ या अमेरिकन प्रोग्रॅमरने आपली रीत बसवली. १९८९ साली त्याने झिप गाठोडे जगापुढे ठेवले, आणि आजही त्यातील प्रत्येक नोंदीच्या आरंभी त्याच्या नावाची 'पी' आणि 'के' ही आद्याक्षरे असतात. पुढे १९९५ साली ज्याँ-लू गायी आणि मार्क ॲडलर यांनी या रीतीची 'झेडलिब' नावाची लायब्ररी सर्वांसाठी मोफत खुली केली. पायथनची झिपफाईल दाबण्याचे काम तिच्याकडूनच करून घेते.

मी छायाचित्रांबरोबर प्रत्येक पत्राचा मजकूरही टंकून घेण्यास प्रारंभ केला. आजी वाची आणि मी टंकी. प्रथम माझी फजितीच झाली, कारण गाठोडे मुळीच लहान होईना. मग कळले की, झिपफाईलला 'डिफ्लेट' असे स्पष्ट सांगितल्याखेरीज ती फाईली नुसत्या एकत्र बांधते, दाबत नाही. तसे सांगताच टंकलेला मजकूर झपाट्याने आटला. त्यालाही कारण आहे. युनिकोडच्या नेहमीच्या लेखनपद्धतीत इंग्रजी अक्षर एक बाइट जागा घेते, तर देवनागरीचे प्रत्येक चिन्ह तीन बाइट घेते. या तिहींतील पहिला बाइट सर्व चिन्हांत एकच असतो आणि दुसऱ्याचे दोनच प्रकार असतात. एवढी पुनरावृत्ती असल्यावर ती दाबली जाणारच! छायाचित्रे मात्र यत्किंचितही आटली नाहीत, कारण मोबाईलने ती घेतानाच दाबलेली असतात. पिळलेले वस्त्र पुन्हा पिळले तर पाणी निघत नाही, तद्वत.

येथपर्यंत सर्व ठीक होते. आता माझी चूक सांगितली पाहिजे.

आमच्या संगणकावर जागा फार थोडी उरली होती. म्हणून मी प्रोग्रॅममध्ये एक ओळ अशी घातली की, छायाचित्र गाठोड्यात गेले की मूळ छायाचित्र पुसून टाकावे. आपली ही युक्ती फार शहाणपणाची आहे, असे मला वाटले. पहिल्या दिवशी निम्मी पत्रे गाठोड्यात गेली. दुसऱ्या दिवशी तेच गाठोडे मी 'ए' या खुणेने, म्हणजे जुन्यात भर घालण्यासाठी, उघडले. 'डब्ल्यू' ही खूण दिली तर जुने सारे रिकामे होऊन नवे गाठोडे सुरू होते, हे मला ठाऊक होते. तेवढी सावधगिरी मी घेतली होती. प्रोग्रॅम चालू झाला. पानांमागून पाने आत जाऊ लागली. आणि अखेरची काही पाने उरली असताना वीज गेली.

अर्ध्या तासाने वीज आली. मी गाठोडे उघडण्यास गेले, तो उत्तर आले: 'ही झिप फाईल नाही.' मी पुन्हा प्रयत्न केला. पुन्हा तेच उत्तर. कालची पत्रे नाहीत, आजचीही नाहीत. मूळ छायाचित्रे माझ्याच हाताने पुसलेली. पुरातून जे वाचले होते, ते मी बुडवले! आजी दाराशी उभी होती. तिने विचारले, "काय गं, झाले का काम?" माझ्या तोंडून शब्द फुटेना. त्या रात्री मी जेवले नाही.

दुसऱ्या दिवशी मी सरांपुढे जाऊन सर्व कबूल केले. ते रागावतील, अशी मला भीती होती. ते रागावले नाहीत. त्यांनी प्रथम त्या मोडक्या गाठोड्याची जशीच्या तशी एक प्रत केली आणि म्हणाले, "यापुढे जे काही करायचे ते या प्रतीवर. मूळ वस्तूला हात लावायचा नाही." मग त्यांनी फळ्यावर गाठोड्याची आकृती काढून दाखवली. झिप गाठोड्यात प्रत्येक फाईलपूर्वी एक लहानशी नोंद असते. तीत फाईलचे नाव, लांबी आणि ताळा असतो. अंकगणितात उत्तर बरोबर आहे की नाही हे पाहण्यास आपण ताळा करतो ना? तसाच संपूर्ण फाईलवरून काढलेला हा एक आकडा. एक बाइट जरी बदलला तरी तो जुळत नाही. आणि सर्व फाईली संपल्यावर अगदी अखेरीस साऱ्या गाठोड्याची सूची लिहिली जाते. कोणते पान कोठे आहे, हे त्या सूचीत असते. वाचणारा प्रोग्रॅम आरंभापासून वाचत नाही; तो प्रथम शेवटाकडे जाऊन सूची पाहतो. म्हणूनच उस्मानियाच्या पुस्तकातील एकच पान मला झटकन काढता आले होते.

भर घालताना नवी पाने जुन्या सूचीच्या जागेवरच लिहिली जातात आणि 'क्लोज' ही आज्ञा मिळाली म्हणजे नवी सूची अखेरीस लिहिली जाते. माझ्या बाबतीत जुनी सूची पुसली गेली होती आणि नवी लिहिण्यापूर्वीच वीज गेली. सर म्हणाले, "पुस्तक फाटलेले नाही, केवळ सूचीचे पान गेले आहे. पाने आतच आहेत. आरंभापासून एकेक नोंद शोधीत गेले तर सूची पुन्हा तयार करता येईल." हे काम करणारे 'इन्फो-झिप' हे मोफत साधन पूर्वीपासून उपलब्ध आहे. सरांनी त्याची दुरुस्तीची आज्ञा त्या प्रतीवर चालवली. पडद्यावर एकेक नाव उमटू लागले. प्रत्येक नाव दिसताच माझ्या डोळ्यांत पाणी येत होते.

सर्व पाने मात्र परत आली नाहीत. संगणक लिहावयाचा मजकूर काही क्षण हाती धरून ठेवतो आणि मग तबकडीवर उतरवतो. वीज गेली त्या क्षणी जे हातात होते, ते गेलेच. अखेरच्या पत्राची तीन पाने नाहीशी झाली होती. ते पत्र आजीच्या पहिल्या दिवाळसणाच्या आधीचे होते आणि ते अद्याप टंकूनही झालेले नव्हते.

मी घरी येऊन आजीपुढे बसले आणि घडले ते सर्व सांगितले. आजी थोडा वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, "त्या पत्रात काय होते ते मला पाठ आहे. तू लिहून घे." ती सांगत गेली आणि मी लिहीत गेले. गोदावरीला किती पाणी आहे, भावाची परीक्षा कशी झाली, दिवाळीस न्यायला कोण येणार, परक्या गावी तेलुगू आणि उर्दू कानांवर पडून बावरू नकोस, असे सारे त्यात होते. मधेच ती थांबली आणि म्हणाली, "हा शब्द त्यांचा नाही, माझा आहे. पण अर्थ हाच होता."

त्या वाक्यावर मी पुष्कळ विचार केला. वस्तू दाबून ठेवण्याचे दोन प्रकार आहेत. झिपमध्ये दाबलेला मजकूर उलगडला की काना-मात्रेसह तोच परत मिळतो. मोबाईलवरील छायाचित्र दाबताना मात्र डोळ्यांना न जाणवणारे बारकावे सोडून दिले जातात. चित्र दिसते तेच, परंतु ते संपूर्णपणे मूळचे नसते. मनुष्याची आठवण या दुसऱ्या प्रकारची आहे. ती अर्थ राखते, माया राखते. अक्षर राखत नाही. म्हणून अक्षर राखण्याचे काम आपण तिच्यावर टाकू नये. आजीने सांगितलेले पत्र मी गाठोड्यात ठेवले, परंतु त्या फाईलला 'आजीच्या आठवणीतून' असे नाव दिले. उद्या कोणी ते वाचले तर ते पणजोबांचे अक्षर न् अक्षर आहे, असा त्याचा गैरसमज होऊ नये.

त्यानंतर मी माझा प्रोग्रॅम पुन्हा लिहिला. आता तो जुन्या गाठोड्यात भर घालत नाही. नव्या नावाने नवे गाठोडे बांधतो. ते 'विथ' या शब्दाने उघडतो, म्हणजे काम संपताच किंवा मध्येच प्रोग्रॅम चुकून थांबला तरीही गाठोडे आपोआप बंद होते. बंद झाल्यावर ते पुन्हा उघडून 'टेस्टझिप' या आज्ञेने प्रत्येक पानाचा ताळा तपासतो. एखादे पान बिघडलेले असेल तर ती आज्ञा त्याचे नाव सांगते. आणि वीज जाणे कोणाच्या हाती नाही, म्हणून पुसून टाकण्याची ती ओळ मी काढून टाकली आहे. पूर्ण झालेल्या गाठोड्याची एक प्रत नांदेडला आजीच्या भावाकडे आहे, दुसरी दादाकडे आणि तिसरी आमच्या घरी. एका शहरात पाऊस कोसळला तरी दुसऱ्या शहरात ती कोरडी राहील.

माझ्या विद्यार्थी मित्रांना आणि मैत्रिणींना एवढेच सांगावेसे वाटते की, तुमच्याही घरात एखादी संदूक असेल. तीत आजोबांची पत्रे असतील, आईची जुनी प्रगतिपुस्तके असतील, कोणाच्या हातची पाककृतींची वही असेल. ती वाळवी, बुरशी आणि पाणी यांच्या हाती पडण्यापूर्वी तिची छायाचित्रे घ्या आणि त्यांचे गाठोडे बांधा. लायब्ररी तयार आहे, मोफत आहे आणि फार कठीण नाही. परंतु गाठोडे बांधले म्हणजे काम झाले, असे समजू नका. शेवटची गाठ नीट बसली की नाही, हे ते एकदा उघडून पाहिल्यानेच कळते. आणि ते कळेपर्यंत मूळ वस्तू टाकून देऊ नका.

परवा दसऱ्याला आजीने सवयीने संदूक उन्हात ठेवली. ती आता रिकामी आहे. मी संगणक तिच्यासमोर ठेवून पहिले पत्र उघडले. चष्मा सावरीत तिने ते वरपासून खालपर्यंत वाचले आणि म्हणाली, "अगदी त्यांचेच अक्षर." मग तिने जुन्या सवयीने विचारले, "आता नीट बंद करशील ना?"

मी म्हटले, "हो आजी, बंद करीन आणि पुन्हा उघडूनही पाहीन."